आमच्याकडं सगळा काळा दगडच, मग जिऑलॉजीचं फील्ड ट्रेनिंग कुठं आणि कसं करावं?

मांजराकाठ
रामराम मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जिऑलॉजी विषय. पुढं एमएस्सी करायची आणि जमलं तर यूपीएससीची जिओसायंटिस्टची परीक्षा द्यायची असं मनात आहे. पण अडचण अशी आहे की मला फील्डमधलं काहीच येत नाही आणि हे मी अगदी खरं सांगायलोय. डिपार्टमेंटला ब्रंटन कंपास (खडकाच्या थरांची दिशा आणि उतार मोजायचं यंत्र) दोनच आहेत आणि आम्ही पोरं पस्तीस, तीन वर्षात माझ्या हातात तो सगळा मिळून दहा मिनिटं आला असंल. गेल्या वर्षी सहल झाली ती एक दिवसाची, घाटात बस थांबली, सरांनी अर्धा तास सांगितलं, फोटो काढले, डबे खाल्ले, परत. रिपोर्ट सगळ्यांनी सीनियरच्या रिपोर्टवरून उतरवला, मी पण उतरवला, आणि ते मला आतापर्यंत टोचतंय. यंदा बसच्या खर्चावरून सहलच कॅन्सल झाली.

पुस्तकात सगळं स्ट्राइक (थराची आडवी दिशा), डिप (थराचा उतार), फोल्ड (घडी), फॉल्ट (सरकलेली भेग). आणि आमच्या शिवारात बघावं तिकडं काळा दगड, तो पण आडवा. डिप मोजायचा कशाचा? कुणी म्हणतं हिमाचलला जा, तिकडं पेड कॅम्प असतात, पण सोयाबीनचे भाव तुम्हाला माहितीच आहेत, घरी एवढे पैसे मागायची माझी हिंमत नाही. उन्हाळ्याची सुट्टी आहे, दोन महिने हातात आहेत, मोटारसायकल आहे. एवढ्यात मराठवाड्यात राहून खरं, हातानं करायचं ट्रेनिंग कसं करता येईल? कुठं जाऊ, काय मोजू, कुणाला दाखवू? कृपया सविस्तर सांगा.

अजिंठा_एक्सप्रेस
भावा लोणार कर आधी. बुलढाणा जिल्ह्यात आहे पण जालन्याहून जवळ पडतं. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, उल्का आदळून झालेलं विवर, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास, काठावर उभं राहिलं की खडकाचे थर बाहेरच्या बाजूला कलंडलेले दिसतात, म्हणजे तुला डिप पाहिजे होता तो तिथं आहे बघ. फक्त ते अभयारण्य आहे, दगड उचलायचा नाही, हातोडा बॅगेतच ठेवायचा. तेच अजिंठा-वेरूळला, पुरातत्त्व खात्याची जागा आहे, पण डोळ्यानं बघायला कुणाची ना नाही. लेण्यांच्या भिंतीवर दोन लाव्हांचा सांधा कुठं दिसतो का ते शोधत फिर, मूर्त्या नंतर बघ.

विहीरवाले_काका
बाळा, तू रिपोर्ट उतरवल्याचं स्वतःहून लिहिलंस म्हणून मी वेळ काढून लिहितोय. माझी तीस वर्षं भूजलाच्या कामात गेली, बीड, लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे तिन्ही जिल्हे पायाखालून गेलेत, आता रिटायर आहे.

लोणार, अजिंठा बघच, पण ते बघणं झालं, ट्रेनिंग नाही. ट्रेनिंग म्हणजे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन स्वतः मोजणं, चुकणं, परत मोजणं. त्यासाठी तुला लांब जायची गरज नाही, तुझ्या शिवारात शेतकऱ्यांनी आउटक्रॉप, म्हणजे उघडा पडलेला खडक, खणून ठेवलेत. विहिरी. घाटात जो छेद तुला दिसतो तो पावसानं धुतलेला, गवत उगवलेला, आणि विहिरीत चारी बाजूंनी ताजा कापलेला खडक असतो, दहा-पंधरा मीटर खोल. जिऑलॉजीच्या पोरांना हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मार्च ते मे पाणी तळाला गेलेलं असतं, शेतं मोकळी असतात, नवीन विहिरींची कामं याच दिवसात चालतात, यारी (विहिरीतला दगड वर काढायचं यंत्र) लावलेली दिसली की थांब, मालकाला रामराम कर, सांग की मी खडकाचा अभ्यास करतोय. मला तीस वर्षात कुणी नाही म्हटलं नाही, उलट चहा पाजतात आणि विचारतात पाणी कुठं लागंल.

आता काय बघायचं. आपला सगळा काळा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा, एकावर एक अशा कितीतरी थरांचा, आणि तुला तो एकच दगड वाटतो कारण तू त्याच्याकडं लांबून बघितलंय. एका थराचं पण तोंड, पोट आणि पाय वेगळे असतात. वरचा भाग बुडबुड्यांचा, कारण लाव्हातला वायू वर येऊन अडकला, आणि नंतर त्या भोकांत पांढरी खनिजं भरली, त्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट, बिनबुडबुड्यांचा, उभ्या सांध्यांनी (भेगांनी) तडकलेला, तो काळा पाषाण. अगदी तळाला बोटभर उंचीच्या नळ्यांसारखे बुडबुडे दिसतात, पाइप व्हेसिकल, आणि ते ज्या बाजूला वाकलेत तिकडं लाव्हा वाहत गेला. घे, ही तुझी पहिली मोजायची गोष्ट, पन्नास नळ्यांची दिशा मोज आणि रोझ डायग्राम (दिशांचा गोल आलेख) काढ. आणि दोन लाव्हांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी लाल थर येतो, गेरू, पुस्तकात रेड बोल. एक लाव्हा थंड होऊन त्यावर बराच काळ गेला, वरचा भाग कुजला, मग दुसरा लाव्हा येऊन त्याला भाजून गेला. गेरूचा थर हा तुझा मार्कर, म्हणजे ओळखायची खूण.

तुझ्या डिपच्या प्रश्नाचं उत्तर पण गेरूतच आहे. वर्गात तीन बोअरवरून डिप काढायचं गणित केलंस ना, थ्री पॉइंट प्रॉब्लेम? ते कागदावर करून सोडून दिलं असशील. आता तीन खऱ्या विहिरी घे, एकमेकींपासून दोन-तीनशे मीटरवर, एका रेषेत नसलेल्या, तिन्हीत एकच गेरू दिसला पाहिजे. काठापासून गेरूच्या वरच्या कडेपर्यंत टेप सोड. तिन्ही काठांची उंची एकमेकींशी जुळवायला मोबाईलच्या जीपीएसवर जाऊ नको, त्याची उंची पाच-दहा मीटरनं इकडं तिकडं होते आणि तुला फरक पाहिजे फुटाफुटाचा. गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आण, पाणी भरलेली पारदर्शक, दोघं मिळून टप्प्याटप्प्यानं उंची नेत जा. एक अख्खा दिवस जाईल. पण त्या दिवसानंतर डिप म्हणजे काय हे तू आयुष्यात विसरणार नाहीस.

सांध्यांचे स्ट्राइक-डिप तर मोजताच येतात, ते उभे असले म्हणून काय झालं. एका विहिरीत शंभर सांधे मोज. आणि घरी पाटावर सराव कर, पाट वेगवेगळा कलता ठेवून बहिणीला लावायला सांग, तू मोज, मग कोनमापकानं ताडून बघ. दोनशे वेळा केलंस की हात बसतो.

धोक्याचं सांगतो, हे नीट वाच. सुरुंग लावल्यावर चोवीस तास त्या विहिरीजवळ जायचं नाही, आत उतरायचं तर नाहीच. काठावर पोटावर पालथं पडून दुर्बिणीनं आणि टेपनं नव्वद टक्के काम होतं. जुन्या विहिरीत हवा खराब असते, माणसं गेलीत. बाहेर काढून टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात तुला सगळे नमुने हाताशी मिळतात, त्यासाठी उतरायची गरजच नाही.

कंपास नसला तर आधी डिपार्टमेंटला लेखी अर्ज दे, सुट्टीत तो कपाटातच पडून असतो. आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ऑफिसात जा. त्यांच्या निरीक्षण विहिरी असतात, वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला पाणीपातळी मोजतात. मे महिन्याच्या फेरीला सोबत येऊ का विचार.

फील्डवाली
काकांनी लिहिलंय ते प्रिंट काढून भिंतीला लावावं असं आहे. मी एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे संभाजीनगरला, मुलींच्या बाजूनं थोडं लिहिते कारण हे वाचणाऱ्या मुली पण असतील. घरून परवानगी मिळवणं हाच माझ्यासाठी पहिला फील्डवर्क होता. आईला एकदा सोबत नेलं, दिवसभर ती झाडाखाली बसली, मी काय करते ते तिनं बघितलं, त्यानंतर एकदा पण अडवलं नाही. एकटं जाऊ नका, मुलगा असो की मुलगी, कायम दोघं. विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र खिशात ठेवा आणि गावात गेल्यावर आधी सरपंच नाहीतर पोलीस पाटलांना भेटा, नाहीतर हातोडा आणि नकाशा बघून लोकांना वाटतं हे जमीन संपादनवाले आले, आणि त्यांचा राग चुकीचा नसतो.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा, बस. चार लिटर पाणी माणशी, लांब बाह्या, डोक्याला रुमाल. हातोडा मारताना गॉगल पाहिजेच, बेसाल्टची चिपळी काचेसारखी उडते, माझ्या मैत्रिणीच्या भुवईला तीन टाके पडलेत. कपारीत आग्या मोहोळ आहे का आधी बघा आणि मगच आवाज करा.

आणि नोटबुक! पेन्सिलनं लिहा. मी जेल पेननं लिहायचे, दौलताबादच्या बाजूला अवकाळी पावसानं गाठलं आणि दोन दिवसांचं काम निळं पाणी होऊन गेलं, मी रडले होते. प्रत्येक ठिकाणी तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) नंबर, मग डाव्या पानावर स्केच आणि उजव्या पानावर मजकूर. स्केचला स्केल आणि उत्तर दिशा नसेल तर ते चित्र झालं. आणि जे दिसलं ते वेगळं लिहा, त्यावरून जे वाटलं ते वेगळं. ‘लाल मातकट थर, ४० सेंमी, हाताला चुरा होतो’ हे दिसलं. ‘रेड बोल’ हे वाटलं. सहा महिन्यांनी वाटलेलं बदलतं, दिसलेलं बदलत नाही.

नकाशे फुकट मिळतात हे पण खूप जणांना माहीत नसतं. जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या) भूकोश साइटवर भूशास्त्रीय नकाशे आहेत, इस्रोच्या भुवन साइटवर सॅटेलाइट इमेज, सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट पण ऑनलाइन उतरवता येतात. आधी तुमच्या गावाचं शीट काढा आणि त्यावर तुमचं घर शोधा.

देगलूरकर
काकांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. विहिरी शंभर टक्के करा, पण फक्त बेसाल्ट बघितलेला माणूस उद्या वाकलेला चुनखडक समोर आला की गांगरतो, मी गांगरलो होतो, पहिल्या नोकरीत, सगळ्यांसमोर, आणि तो दिवस अजून आठवतो. त्यामुळं वेगळा खडक एकदा तरी हाताखालून गेलाच पाहिजे.

त्यासाठी मराठवाड्याच्या बाहेर पण जायला नको. आमच्या नांदेड जिल्ह्यात या, देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात बेसाल्ट संपतो आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. लातूरकरांना तर हे जास्त कळलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला, ६१७ मीटरचा, त्यात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला, खाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइसचा पाया. म्हणजे भावा जो खडक तिथं जमिनीखाली एक किल्ल्याएवढा खोल आहे तोच जुना पाया आमच्याकडं उघड्यावर आहे आणि त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. तिकडं येऊन ग्रॅनाइटमधले पेग्मॅटाइटचे (मोठ्या स्फटिकांच्या खडकाचे) पट्टे मोजा, डोलेराइटचे डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या काळ्या खडकाच्या भिंती) मोजा, डाइकला स्ट्राइक पण असतो आणि डिप पण. कुठला पट्टा कुठल्याला कापून गेलाय त्यावरून आधी कोण नंतर कोण हे लावा. आणि बेसाल्ट-ग्रॅनाइटचा सांधा नकाशावर चालत चालत आखा, माझ्या मते हा एक सांधा दोन दिवस पायी आखला तर वर्षभराच्या लेक्चरएवढं पदरात पडतं, कारण तुमच्या एका पायाखाली साडेसहा कोटी वर्षांचा दगड आणि दुसऱ्या पायाखाली त्याच्यापेक्षा कितीतरी पट म्हातारा, अब्जावधी वर्षांचा.

आणि पैसे जमले तर सोलापूरहून रेल्वेनं बागलकोट. कलादगीचे खडक. खालच्या बागलकोट गटाचे क्वार्टझाइट, शेल, चुनखडक वाकलेले, उभे केलेले, आणि त्यांची झीज होऊन वर बदामी गटाचा वालुकाश्म जवळजवळ आडवा बसलेला. हीच अँग्युलर अनकन्फॉर्मिटी, पुस्तकात बघितली असंल, तिथं तिच्यासमोर बसून डबा खाता येतो. चार-पाच जण मिळून गेलात, धर्मशाळेत राहिलात, तर हिमाचलच्या कॅम्पच्या मानानं खर्च काहीच नाही.

विहीरवाले_काका
देगलूरकर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी माझ्याच कामाच्या अंगानं लिहिलं. आधी विहिरी, मग देगलूर, मग बागलकोट, हा क्रम ठेवावा. हात बसल्याशिवाय लांब गेलं की परत बसमधून फोटोच होतात.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, मला इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. एक शंका, मांजऱ्यात जी पांढरी खनिजं भरलेली असतात ती कोणती हे जागेवर कसं ओळखायचं? मला सगळी सारखीच दिसायलीत. ॲसिड माझ्याकडं नाही.

फील्डवाली
चाकू आणि काचेचा तुकडा ठेव. काचेवर ओरखडा उठला तर क्वार्ट्झ नाहीतर कॅल्सेडनी. चाकूनं सहज ओरखडलं आणि तुकडे तिरप्या ठोकळ्यासारखे पडले तर कॅल्साइट. त्याची पूड करून त्यावर साधं व्हिनेगर टाक, हळूहळू फेसाळतं. मोत्यासारखी चमक, गव्हाच्या पेंढीसारखी बांधलेली दिसली तर स्टिल्बाइट, ते झिओलाइट. दहापट भिंग मात्र विकत घे, बाकी काही नसलं तरी चालेल. आणि ॲसिड पाहिजेच असेल तर लॅब असिस्टंटकडून पातळ करून ड्रॉपर बाटलीत घे, घरी स्वतः करत बसू नको.

मांजराकाठ
दीड महिन्यानं परत लिहितोय. औसा तालुक्यात मामाच्या गावाला जाऊन राहिलो. एका नव्या विहिरीचं काम चालू होतं आणि आजूबाजूला दोन जुन्या, न बांधलेल्या, कोरड्या पडलेल्या. तिन्हीत गेरू सापडला!! पहिल्या दिवशी मला तो दिसलाच नव्हता, मी वरून माती गळून भिंतीला लागली असं समजून सोडून दिलं होतं. यारीवरच्या एका आजोबांनी विचारलं, ‘गेरू नाही का लिहिला रं?’ त्यांनीच सांगितलं की पाणी त्याच्या वरच्या कडेला झिरपतं, कारण खाली चिकण माती, पाणी अडतं. ते शाळेत गेलेले नाहीत आणि त्यांना थरांचा क्रम तोंडपाठ आहे.

नव्या विहिरीचा छेद असा आला. काळी माती ०.७ मीटर, मुरूम ३.५ पर्यंत, त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखे गोळे, मग काळा पाषाण जवळजवळ गेरूपर्यंत, तळाच्या एका विताएवढ्या पट्ट्यात त्या नळ्या दिसल्या, मग ८.२ वर गेरू, ४० सेंमी, आणि खाली मांजऱ्या. मुरूम म्हणजे वेगळा लाव्हा असं मी आधी लिहिलं होतं, नंतर गोळ्यांच्या आत तोच काळा दगड निघाला तेव्हा कळलं की तो कुजलेला पाषाणच आहे. पान फाडलं नाही, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहिली.

सांध्यांची पहिली साठ रीडिंग वाया गेली. कंपास मोबाईलशेजारी धरत होतो आणि मोबाईलच्या कव्हरला चुंबकाचं बटण. एकाच सांध्याची सकाळची आणि दुपारची दिशा तीस अंशांनी वेगळी आली म्हणून लक्षात आलं. सगळी परत घेतली.

मग नळीची लेव्हल. मी आणि मामाचा मुलगा, दोन सकाळी लागल्या. पहिल्या विहिरीचा काठ शून्य धरला. पूर्वेला ३०० मीटरवरची दुसरी, काठ २.६ मीटर खाली, गेरू ६.१ वर. दक्षिणेला २५० मीटरवरची तिसरी, काठ १.१ मीटर वर, गेरू ९.० वर. म्हणजे गेरूची पातळी पहिल्या विहिरीत उणे ८.२, दुसरीत उणे ८.७, तिसरीत उणे ७.९. डिप आला ०.१२ अंश, ईशान्येकडं. काका, बरोबर आहे का? रात्री अकरा वाजता हे उत्तर आलं आणि मला झोपच येईना.

विहीरवाले_काका
गणित बरोबर आहे, शाब्बास. आता ईशान्येकडं हा शब्द खोडून टाक. नव्या विहिरीतच गेरूची वरची कड चारी बाजूंना मोजलीस का? ती सपाट नसते, एकाच विहिरीत वीस-तीस सेंमी वरखाली होते. वर तुझ्या नळीची दोन-तीनशे मीटरवरची चूक धर. तुला मिळालेला फरक तीस ते पन्नास सेंमीचा, म्हणजे चुकीएवढाच. लिही की थर जवळजवळ आडवे आहेत, दिशा ठरत नाही. चौथी विहीर एक किलोमीटरवर शोध, तिथं हाच गेरू मिळाला तर मग दिशेचं बोलू.

मांजराकाठ
आज सकाळी जाऊन मोजलं काका. चारी बाजूंना ८.१, ८.२, ८.२, ८.४. खोडलं. चौथी विहीर नदीच्या बाजूला आहे असं आजोबा म्हणायलेत, उद्या बघतो. आणि देगलूरकर दादा, दिवाळीनंतर आम्ही पाच जण येतोय, दोन दिवस, सांधा आखायला, कंपास अर्ज करून मिळालाय.

देगलूरकर
या. राहायची सोय माझ्या घरी. बूट चांगले घालून या, ग्रॅनाइटवर चप्पल टिकत नाही.